एकमेकांवर चढलेल्या आकृत्या: बिंदू आत की बाहेर, हे कोडने कसं तपासायचं?

सह्यवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमचा हौशी निसर्गनिरीक्षकांचा गट आहे. कोयना, चांदोली, कास, राधानगरी या पट्ट्यात फिरताना शेकरू, धनेश, गवा अशा नोंदी आम्ही अक्षांश-रेखांशासह ठेवतो. आता सगळ्या जुन्या नोंदी एका फाईलमध्ये आणल्या आहेत. प्रत्येक नोंद कुठल्या कुठल्या संरक्षित क्षेत्रात पडते, ते पायथनमध्ये शोधायचं आहे.

अडचण अशी की ही क्षेत्रं शेजारी शेजारी नाहीत, एकमेकांवर चढलेली आहेत. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान हे दोन्ही २०१० साली झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहेत. म्हणजे कोयनेच्या जंगलातला एक बिंदू एकाच वेळी तीन आकृत्यांच्या आत असतो आणि कासच्या पठारावरचा फक्त एकीच्या.

सुरुवातीला फक्त ‘संरक्षित की नाही’ एवढंच हवं होतं. म्हणून गटातल्या एका मुलाने सगळ्या सीमांच्या कडा एकाच लिस्टमध्ये ओतल्या आणि त्यावर हाताने लिहिलेलं ‘आत आहे का’ फंक्शन चालवलं. अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्प अशा दोन फायली जोडल्या, तर कोयनेच्या ऐन गाभ्यातले बिंदू ‘बाहेर’ येतात. वारशाची तिसरी फाईल जोडली की तेच बिंदू परत ‘आत’! सीमांच्या फायली क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघितल्या, त्या ठीक दिसतात. हे नक्की काय होतंय?

---

आकडेमोड

सह्यवाट, फंक्शन किरण सोडून छेद मोजणारं आहे का? तसं असेल तर तुम्ही जे बघताय ते त्या पद्धतीच्या नियमाप्रमाणे अगदी बरोबर आहे.

पद्धत अशी: बिंदूपासून उजवीकडे एक सरळ किरण सोडायचा आणि तो किती कडांना छेदतो ते मोजायचं. विषम आले तर बिंदू आत, सम आले तर बाहेर. पाठीमागचं प्रमेय कामीय जॉर्डन यांनी १८८७ मध्ये मांडलं: स्वतःला न छेदणारी बंद रेषा प्रतलाचे आत आणि बाहेर असे दोनच भाग करते. संगणकासाठी लिहिलेली पद्धत १९६२ मध्ये शिमरात यांनी छापली. तेव्हापासून ती जवळजवळ प्रत्येक भाषेत कुणी ना कुणी पुन्हा लिहिली आहे.

पण हा नियम एका आकृतीसाठी आहे. दोन आकृत्यांच्या कडा एकाच लिस्टमध्ये टाकल्या की कोयनेतल्या बिंदूचा किरण बाहेर पडताना अभयारण्याची हद्द ओलांडतो (१) आणि व्याघ्र प्रकल्पाचीही (२). दोन म्हणजे सम, म्हणून ‘बाहेर’. वारसा जोडलात की तीन, विषम, म्हणून ‘आत’. उद्या जिल्ह्याची सीमा जोडाल तर चार होतील आणि बिंदू पुन्हा गायब होतील. तुम्हाला मिळणारं उत्तर ‘आत आहे का’ या प्रश्नाचं नाही. ‘विषम संख्येच्या आकृत्यांत आहे का’ या प्रश्नाचं आहे.

म्हणजे तीन फायलींनंतर आलेलं उत्तर बरोबर असलं तरी ते योगायोगाने बरोबर आहे. त्यावर विसंबू नका.

---

नकाशानाद

आकडेमोड यांना अनुमोदन. एक भर घालतो, कारण यावर सहसा सुचवला जाणारा उपाय म्हणजे ‘सम-विषम सोडा, वेढे मोजा’.

वेढ्यांच्या पद्धतीत बिंदूभोवती रेषा किती वेळा फिरते ते दिशेसकट मोजतात. घड्याळाच्या उलट दिशेने एक फेरा म्हणजे +१, घड्याळाच्या दिशेने −१. बेरीज शून्य नसेल तर आत. पेन न उचलता काढलेली पाच टोकांची चांदणी घ्या: मधला पंचकोन सम-विषम नियमाने पोकळ राहतो आणि वेढ्यांच्या नियमाने भरलेला येतो. एसव्हीजी चित्रांमध्ये दोन्ही नियम उपलब्ध आहेत, काहीच सांगितलं नाही तर वेढ्यांचा लागतो.

पण तुमच्या कामात यानेही सुटका नाही. जिओजेसन या नकाशांच्या फाईल-प्रकाराच्या २०१६ च्या मानकाप्रमाणे बाहेरची कड घड्याळाच्या उलट दिशेने असते आणि भोकांची घड्याळाच्या दिशेने. शेपफाईल या दुसऱ्या प्रकारात नेमकं उलटं. एक सीमा एका प्रकारच्या फाईलमधून आली, दुसरी दुसऱ्या, आणि दोन्हींच्या कडा तशाच एका लिस्टमध्ये गेल्या, तर +१ आणि −१ मिळून शून्य होईल आणि कोयना पुन्हा बाहेर.

म्हणून आकृत्या वेगळ्या ठेवा, प्रत्येकीला स्वतंत्र प्रश्न विचारा, मग उत्तरं जोडा. एकत्र आकृती हवीच असेल तर कडा नुसत्या ओतून चालत नाही, खरा संयोग काढावा लागतो. शेपली लायब्ररीत त्यासाठी ‘युनरी युनियन’ आहे. आणि आकृती वैध आहे का तेही तपासा. ज्याचे भाग एकमेकांवर चढतात असा मल्टिपॉलिगॉन (अनेक तुकड्यांची एक आकृती) मानकाप्रमाणे वैधच नसतो, पण बरीच फंक्शन्स तक्रार न करता तो घेतात आणि उत्तर देऊन मोकळी होतात.

---

पाटीपुस्तक

मी दुसऱ्या वर्षाला आहे, आम्हाला हे नुकतंच शिकवलं. किरण बरोबर शिरोबिंदूतून गेला तर काय? तिथे दोन कडा भेटतात, मग एक छेद धरायचा की दोन? आमच्या वर्गात यावर ‘किरण थोडा तिरका करा’ असं उत्तर मिळालं, ते काही पटलं नाही.

---

आकडेमोड

पाटीपुस्तक, न पटणं योग्य आहे. तिरका केलेला किरणही दुसऱ्या एखाद्या शिरोबिंदूतून जाऊ शकतो. योग्य उपाय तुलनेच्या चिन्हात आहे. सगळं फंक्शन एवढंच:

```
आत = असत्य
प्रत्येक कडेसाठी (ट१ पासून ट२ पर्यंत):
    जर (ट१.य > बिंदू.य) आणि (ट२.य > बिंदू.य) यांची उत्तरं वेगळी असतील:
        छेद = ट१.क्ष + (बिंदू.य − ट१.य) × (ट२.क्ष − ट१.क्ष) ÷ (ट२.य − ट१.य)
        जर बिंदू.क्ष < छेद:
            आत = उलट(आत)
उत्तर: आत
```

आता हाताने करून बघ. चार शिरोबिंदू घे: (०,२), (२,०), (४,२), (२,४). आडवा-उभा सारखा समभुज चौकोन. बिंदू (१,२). उजवीकडे जाणारा किरण नेमका (४,२) या टोकातून बाहेर पडतो.

कड (२,०) ते (४,२): ० > २ नाही, २ > २ नाही. दोन्ही उत्तरं सारखी, कड सोडून दे.
कड (४,२) ते (२,४): २ > २ नाही, ४ > २ हो. वेगळी. छेद ४ वर, आणि १ < ४. एक मोजला.
कड (२,४) ते (०,२): उत्तरं वेगळी, पण छेद ० वर आणि १ < ० नाही. सोड.
कड (०,२) ते (२,०): दोन्ही ‘नाही’. सोड.

एकूण एक, विषम, आत. नुसता ‘किरण कडेला लागतो का’ असा प्रश्न ठेवला असता तर (४,२) ला दोन्ही कडा मोजल्या जाऊन बिंदू बाहेर गेला असता. शिरोबिंदू फक्त वरच्या कडेच्या बाजूने मोजायचा, खालच्या कडेच्या नाही, एवढाच करार त्या ‘>’ मध्ये आहे. ‘≥’ दोन्हीकडे लावलंस तरी चालेल, करार उलटा होईल इतकंच. एका टोकाला ‘>’ आणि दुसऱ्याला ‘≥’ लावलंस की मात्र सगळं फिसकटतं.

भागाकारात शून्याची भीती नाही हेही बघ. कड आडवी असेल तर दोन्ही टोकांची उत्तरं सारखीच येतात, त्यामुळे आपण भागाकारापर्यंत पोचतच नाही. ही मांडणी फ्रँकलिन यांच्या सुप्रसिद्ध छोट्या सी-फंक्शनची आहे. इतक्या कमी ओळींत इतकं नेमकं काम करणारं दुसरं काही मला चटकन आठवत नाही.

---

सह्यवाट

आकडेमोड, नकाशानाद, मनापासून आभार. गूढ उकललं. आता खऱ्या कामाकडे येतो. आम्हाला प्रत्येक नोंदीपुढे क्षेत्राचं नाव लिहायचं आहे. सध्या ‘जर अभयारण्यात असेल तर अभयारण्य, नाहीतर जर व्याघ्र प्रकल्पात असेल तर व्याघ्र प्रकल्प, नाहीतर जर वारशात असेल तर वारसा’ अशी शिडी आहे. गटात वाद चाललाय की शिडीत वर कोण असावं. तुमचं मत?

---

कोरीपाटी

सह्यवाट, माझं स्पष्ट मत: शिडीच नको. ‘नाहीतर जर’ लिहिलंत त्या क्षणी तुम्ही ठरवून टाकलंत की एका बिंदूला एकच घर असतं. आकृत्या एकमेकांवर चढलेल्या असताना ते खरं नाही. कोणालाही वर ठेवलंत तरी बाकीच्यांची मोजणी कमी भरणार, आणि वर्षभराने कुणी ‘व्याघ्र प्रकल्पात शेकरूच्या नोंदी किती?’ असं विचारलं की त्या अहवालात चुकीचा आकडा जाणार.

प्रत्येक आकृतीला स्वतंत्र ‘जर’ द्या आणि उत्तर संचात ठेवा. मी आकृतीमागे एक बिट देते, म्हणजे १, २, ४ अशी दुपटीची किंमत; बेरजेवरून बिंदू कुठल्या कुठल्या आकृत्यांत आहे ते कळतं. छोट्या उदाहरणावर दाखवते:

आयत अ: क्ष ० ते ६, य ० ते ४. किंमत १.
आयत ब: क्ष ४ ते १०, य २ ते ८. किंमत २.
वर्तुळ क: केंद्र (५,५), त्रिज्या ३. किंमत ४.

वर्तुळासाठी वर्गमूळ काढायची गरज नाही. (क्ष−५)² + (य−५)² हे ९ पेक्षा जास्त आहे का, एवढंच बघायचं.

(५,३): अ मध्ये, ब मध्ये, अंतराचा वर्ग ४ म्हणून क मध्येही. १+२+४ = ७.
(१,१): फक्त अ. १.
(९,३): फक्त ब, कारण अंतराचा वर्ग २०. २.
(३,५): आयत दोन्ही हुकले, वर्तुळात मात्र आहे. ४.
(९,९): कशातच नाही. ०.
(६,३): ब आणि क मध्ये नक्की. अ च्या उजव्या कडेवर बरोबर बसतो. कड धरली तर ७, नाही धरली तर ६.

आता बेरजेची तपासणी, कड धरून. अ मध्ये ३ बिंदू, ब मध्ये ३, क मध्ये ३. बेरीज ९, पण बिंदूच सहा आणि त्यातला एक बाहेर. दोन-दोनमध्ये सामाईक प्रत्येकी २, म्हणजे ६ वजा. तिन्हींत सामाईक २, ते परत मिळवा. ९ − ६ + २ = ५. जुळलं. तुमच्या नोंदींवरही हीच बेरीज लावा. क्षेत्रनिहाय आकड्यांची नुसती बेरीज एकूण नोंदींपेक्षा जास्त आली तर घाबरू नका, ती तशीच यायला हवी. या सूत्राने जुळली नाही तर मात्र कोडमध्ये शोधा.

शेवटी एकच नाव छापायचं असेल तर ते छापताना ठरवा. साठवताना पूर्ण संच साठवा.

---

पाटीपुस्तक

कोरीपाटीताई, त्या (६,३) चं नक्की काय करायचं? आकडेमोड यांच्या फंक्शनने तो बाहेर येतो, मी करून बघितलं. पण आयताच्या डाव्या कडेवरचा (०,३) आत येतो! हे असमान नाही का?

---

आकडेमोड

असमान आहे आणि मुद्दाम आहे. सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांची हद्द बऱ्याच ठिकाणी सह्याद्रीच्या धारेवरून जाते. धारेवरचा बिंदू दोन्हीकडे मोजला तर राज्याची बेरीज फुगेल, कुठेच मोजला नाही तर कमी भरेल. डावी कड आत, उजवी बाहेर असा नियम ठेवला की शेजारच्या दोन आकृत्यांमध्ये तो बिंदू एकाच्याच वाट्याला येतो. शेजारी असलेल्या क्षेत्रांसाठी हे उत्तम.

एकमेकांवर चढलेल्या क्षेत्रांत अशी वाटणी करायचीच नाही, त्यामुळे तिथे कड सरळ आत धरावी. लायब्ररीत दोन वेगळी फंक्शन्स असतात: शेपलीत आणि पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये ‘कंटेन्स’ कडेवरच्या बिंदूला नाही म्हणतं, ‘कव्हर्स’ हो म्हणतं. बरेचजण नावावरून पहिलं उचलतात.

तिरक्या कडेवर मात्र ‘बरोबर कडेवर’ याला फारसा अर्थ उरत नाही. ०.१ + ०.२ चं उत्तर संगणक ०.३०००००००००००००००४ देतो हे तू पाहिलं असशीलच.

---

नकाशानाद

धागा भूमितीतून नकाशावर येतोच आहे, तर दोन गोष्टी.

पहिली, क्रम. बोलताना आपण अक्षांश-रेखांश म्हणतो, पण जिओजेसन आणि शेपलीला क्ष आधी लागतो, म्हणजे रेखांश आधी. कोयनेचा परिसर साधारण १७.४ उत्तर, ७३.७५ पूर्व. उलटं दिलंत तर बिंदू ७३ उत्तर, १७ पूर्वेला जातो, नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात. एरर येत नाही, कारण ७३ हा वैध अक्षांश आहे. सगळे बिंदू सगळ्याच क्षेत्रांच्या बाहेर आले तर आधी हेच बघा.

दुसरी, ‘हद्दीपासून १० किमीच्या आत’ असली वर्तुळं आणि पट्टे. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किमी असतो. रेखांशाचा मात्र विषुववृत्तापासून दूर जाल तसा आक्रसतो, कोयनेच्या अक्षांशाला तो १०६ किमीच्या आसपास. अंशांत काढलेलं ‘१० किमी’चं वर्तुळ तिथे पूर्व-पश्चिम साडेनऊ किमीच भरतं. कडेजवळच्या नोंदींसाठी साडेचारशे मीटर फार झाले. म्हणून आधी मीटरच्या प्रक्षेपणात न्या, मग पट्टा काढा. तुमच्या भागाला यूटीएम या प्रक्षेपणाचा ४३ उत्तर हा विभाग चालेल. विदर्भातल्या नोंदी घेणार असाल तर सांभाळून: ७८ पूर्व रेखांशाला विभाग बदलतो, त्यामुळे अमरावती ४३ मध्ये आणि यवतमाळ, नागपूर ४४ मध्ये पडतात.

---

माळरान

कोडमधलं मला फार कळत नाही, पण नोंदींबद्दल कळकळीने सांगते. यातल्या काही नोंदी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या असतील तर त्या आधी वेगळ्या काढा. संकटग्रस्त प्रजातींची खरी जागा तिथे मुद्दाम लपवली जाते. ०.२ अंशाच्या चौकटीत कुठेतरी यादृच्छिक बिंदू दाखवतात, म्हणजे साधारण २२ किमी रुंदीच्या चौकटीत. असा बिंदू तुमच्या कोडने अभयारण्यात पडला काय किंवा बाहेर पडला काय, दोन्ही उत्तरं निरर्थक आहेत. आणि तो तपासून अहवालात घातला तर वाचणाऱ्याला ते कळणारही नाही.

दुसरं, धनेशाच्या ढोलींचे खरे अक्षांश-रेखांश इथे किंवा कुठेही जाहीर टाकू नका. क्षेत्राचं नाव पुरेसं आहे. उलट तुमचं हे काम त्यासाठीच महत्त्वाचं: बिंदू झाकून ठेवून क्षेत्रनिहाय माहिती देता येते.

---

कोरीपाटी

माळरान यांचा मुद्दा मोलाचा. सह्यवाट, फाईलमध्ये ‘जागा लपवलेली आहे का’ असा स्तंभ असतो, तो उतरवताना गाळू नका.

पायथनच्या जिओपांडास लायब्ररीतला ‘एसजॉइन’ (स्थानानुसार जोडणी) वापरणार असाल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. तो प्रत्येक जुळणीसाठी वेगळी ओळ देतो, म्हणजे कोयनेतला एक शेकरू तीन ओळींत दिसेल. ओळी मोजू नका, नोंदींचे क्रमांक मोजा. काहीच सांगितलं नाही तर कशातच न पडलेले बिंदू तो गाळून टाकतो, म्हणून ‘लेफ्ट’ सांगा. आणि मुळात तो ‘इंटरसेक्ट्स’ लावतो, त्यामुळे कडेवरचे आत धरले जातात. क्यूजीआयएसमध्ये स्थानानुसार जोडणी करताना ‘फक्त पहिली जुळणी’ असा पर्याय दिसतो, तो निवडलात तर शिडीवाली अडचण मागच्या दाराने परत येते.

आणि खऱ्या नोंदींवर चालवायच्या आधी उत्तर माहीत असलेल्या आकृत्यांवर चालवा. माझे वरचे दोन आयत घ्या. अ चं क्षेत्रफळ २४, ब चं ३६, सामाईक भाग २ × २ = ४, म्हणजे एकत्र ५६. ० ते १० च्या चौकटीत एक लाख यादृच्छिक बिंदू टाका. अ किंवा ब मध्ये ५६ हजारांच्या आसपास यायला हवेत, दोन्हींत ४ हजारांच्या आसपास. पाचशेच्या वर फरक पडला तर कोड चुकतोय. कडा एकत्र ओतलेलं जुनं फंक्शन यावर चालवलंत तर ५२ हजार येतील: सामाईक चार हजार दोनदा गेले.

---

चौकट

वेगाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. नदीकाठाने किंवा धारेने जाणाऱ्या हद्दीत हजारो शिरोबिंदू असतात. आधी प्रत्येक आकृतीची चौकट (सर्वांत लहान-मोठे क्ष आणि य) काढून ठेवा. बिंदू चौकटीतच नसेल तर किरण सोडायचं कारण नाही. राधानगरीचा बिंदू कोयनेच्या हजारो कडांवर घासायची गरज चार तुलनांत संपते. आकृत्या शेकड्यांत गेल्या तर आर-ट्री वापरा, अशा चौकटींची झाडासारखी मांडणी करणारी, गटमन यांनी १९८४ मध्ये मांडलेली रचना. शेपलीत तिचाच एक प्रकार तयार मिळतो. चार-पाच आकृत्यांसाठी तिची जरूर नाही.

---

सह्यवाट

सगळं लावलं. शिडी काढली, प्रत्येक क्षेत्राचा वेगळा स्तंभ केला, यादृच्छिक बिंदूंची चाचणी जुळली. कोरीपाटींनी दाखवलेली समावेश-वजाबाकीची बेरीजही तंतोतंत बसली. आयनॅचरलिस्टच्या लपवलेल्या नोंदी बाजूला काढल्या.

एकच प्रश्न उरला आहे. काही नोंदी हद्दीच्या अगदी लगत पडतात. काही जुन्या नोंदींत दशांशानंतर चारच आकडे आहेत, आणि काही मोबाईलवर दाट झाडीखाली घेतलेल्या आहेत. त्यांना आत म्हणायचं की बाहेर?

---

नकाशानाद

दोन्ही नाही. ‘अनिश्चित’ असं तिसरं उत्तर ठेवा.

चौथ्या दशांशाचा एक घर म्हणजे सुमारे ११ मीटर, पाचव्याचा सव्वा मीटरच्या आत. मोबाईलने अचूकतेचा आकडा नोंदवला असेल तर तोही घ्या. अँड्रॉइड देतो ती त्रिज्या ६८ टक्के खात्रीची असते, म्हणून ती दुप्पट धरा. या दोन्हींतली मोठी किंमत ती त्या नोंदीची चूक. मग यूटीएममध्ये बिंदूपासून हद्दीच्या रेषेपर्यंतचं अंतर काढा, आकृतीपर्यंतचं नाही, कारण आतल्या बिंदूला ते शून्यच येतं. हे अंतर चुकीपेक्षा कमी असेल तर त्या क्षेत्राच्या स्तंभात ‘अनिश्चित’. तीच नोंद व्याघ्र प्रकल्पासाठी ‘आत’ आणि अभयारण्यासाठी ‘अनिश्चित’ असू शकते, आणि स्तंभ वेगळे असल्याने ते व्यवस्थित मावतं.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवरून हाताने वाचलेले अक्षांश-रेखांश असतील तर ते आणखी वेगळे ठेवा. जुन्या शीट एव्हरेस्ट लंबगोलावर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं माप) आहेत, मोबाईल डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापावर. तो फरक चांगल्या जीपीएसच्या नेहमीच्या चुकीपेक्षा मोठा असतो, त्यामुळे आधी रूपांतर, मग तपासणी. शीटचा क्रमांक नोंदीत असेल तर इथे टाका, रूपांतराची ओळ लिहून देतो.